नॅनोपदार्थ घडतात कसे : संश्लेषणाच्या पद्धती आणि त्यांवर ठरणारे गुण

सदर (जबलपूर) : सोन्याचा दागिना पिवळा दिसतो, मात्र त्याच सोन्याचे १५ ते २० नॅनोमीटर व्यासाचे कण पाण्यात विखुरले की ते पाणी माणकासारखे लाल दिसू लागते. हेच कण एकमेकांना चिकटले तर लाल रंग निळसर होतो. धातू तोच, अणू तेच, तरीही केवळ आकार आणि मांडणी बदलल्याने गुणधर्म बदलतात. नॅनोपदार्थांविषयीचे सारे कुतूहल या एका बदलाभोवती फिरते. मात्र हा आकार मिळवायचा कसा, तो टिकवायचा कसा आणि पुन्हा पुन्हा तसाच घडवायचा कसा, हे प्रश्न बहुधा प्रयोगशाळेच्या भिंतीआडच राहतात.

आज पिण्याच्या पाण्याच्या गाळणीत, भाजलेल्या जखमेवर लावायच्या मलमात, उन्हापासून संरक्षण करणाऱ्या प्रसाधनांत आणि पिकांवर फवारल्या जाणाऱ्या द्रवखतांत ‘नॅनो’ हा शब्द सर्रास आढळतो. अशा उत्पादनाचा गुण, त्याची किंमत आणि त्याचा धोका या तिन्ही गोष्टी पदार्थाच्या नावावर जितक्या अवलंबून असतात, तितक्याच तो कोणत्या पद्धतीने तयार झाला यावरही असतात. या पद्धतींचा आणि त्यांत पुणे व कोल्हापूर येथील संशोधकांनी घातलेल्या भरीचा हा आढावा.

आकाराचे गणित

एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. माणसाचा केस साधारणपणे ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो, तर सोन्याच्या एका अणूचा व्यास सुमारे ०.३ नॅनोमीटर असतो. ज्या पदार्थाची किमान एक मिती १ ते १०० नॅनोमीटर या मर्यादेत असते, त्याला सर्वसाधारणपणे नॅनोपदार्थ म्हणतात. तो कण असू शकतो, तार वा नळी असू शकते किंवा कागदासारखा पातळ थरही असू शकतो.

या मर्यादेत दोन गोष्टी घडतात. पहिली पृष्ठफळाची. एक सेंटिमीटर बाजू असलेल्या घनाचे पृष्ठफळ अवघे ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याच घनाचे १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले तर सर्व तुकड्यांचे मिळून पृष्ठफळ ६०० चौरस मीटर होते. रासायनिक क्रिया पृष्ठभागावर घडत असल्याने तेवढ्याच वजनाचा पदार्थ कितीतरी अधिक क्रियाशील बनतो. दुसरी गोष्ट इलेक्ट्रॉनांची. कण पुरेसा लहान झाला की इलेक्ट्रॉनांच्या हालचालीला मर्यादा पडतात आणि पदार्थाचा रंग, विद्युतवहन व चुंबकत्व आकारानुसार बदलू लागते.

पृष्ठफळ वाढल्याचा तोटाही आहे. अशा कणांना एकत्र येऊन मोठे होण्याची ओढ असते. त्यामुळे संश्लेषणाच्या कोणत्याही पद्धतीत कण तयार करणे हे अर्धेच काम ठरते. तयार झालेला कण तेवढाच राहील अशी व्यवस्था करणे हा त्याचा दुसरा आणि अनेकदा अधिक कठीण भाग असतो.

दोन वाटा

नॅनोपदार्थ घडविण्याच्या पद्धती दोन गटांत मांडल्या जातात. मोठ्या पदार्थाचे विभाजन करीत नॅनो आकारापर्यंत उतरायचे, हा पहिला गट. दगड फोडून मूर्ती घडविण्यासारखा. अणू किंवा रेणू एकत्र आणून कण उभारायचा, हा दुसरा गट. विटांवर विटा रचून घर बांधण्यासारखा. पहिल्या वाटेने पदार्थ मोठ्या प्रमाणावर मिळतो, परंतु आकाराची एकसमानता साधत नाही. दुसऱ्या वाटेने आकारावर चांगले नियंत्रण मिळते, परंतु रसायने, तापमान आणि वेळ यांची काटेकोर सांगड घालावी लागते.

दळण, किरण आणि चिकटपट्टी

पहिल्या गटातील सर्वांत सोपी पद्धत म्हणजे दळणे. जबलपूर विभागातील कटनी जिल्ह्यात कैमोर येथे एसीसीचा जुना सिमेंट कारखाना आहे. अशा कारखान्यांत सिमेंटचे खडे दळण्यासाठी पोलादी गोळ्यांनी भरलेले फिरते पिंप, म्हणजेच बॉल मिल, पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. तिच्यातून निघणारी भुकटी मायक्रोमीटरच्या मापात मोजली जाते. प्रयोगशाळेतील उच्च ऊर्जेची बॉल मिल याच तत्त्वावर चालते. फक्त तिचे पात्र अतिवेगाने फिरते आणि आतील गोळ्या कठीण पोलाद, टंगस्टन कार्बाइड किंवा झिर्कोनियाच्या असतात. अनेक तास चाललेल्या या आघातांनी धातूचे कण वारंवार चेपले जातात, तुटतात, पुन्हा जोडले जातात आणि त्यांच्या आतील स्फटिकांचा आकार नॅनोमीटरपर्यंत उतरतो. एकमेकांत सहज न मिसळणारे धातूही या पद्धतीने एकत्र करता येतात.

या पद्धतीला तापमान फारसे लागत नाही आणि किलोच्या प्रमाणात माल मिळतो. मात्र गोळ्यांची व पात्राची झीज पदार्थात मिसळते, कणांचे आकार लहानमोठे राहतात आणि स्फटिकांत दोष शिरतात. चुंबकीय भुकटी किंवा मिश्रधातूंसाठी हे चालून जाते. शरीरात सोडायच्या औषधासाठी मात्र अशी भेसळ परवडत नाही.

संगणकाच्या चिप बनविण्याचे तंत्र याच गटात येते. सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशसंवेदी लेप देऊन, त्यावर प्रकाशाने नक्षी उमटवून नको असलेला भाग रसायनांनी किंवा आयनांनी कोरून काढला जातो. अत्याधुनिक यंत्रांत त्यासाठी १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचे टोकाचे अतिनील किरण वापरतात. ही पद्धत विलक्षण अचूक आणि तितकीच खर्चिक आहे.

लेसरचे स्पंद द्रवात बुडविलेल्या धातूच्या पत्र्यावर मारले तर धातूची वाफ होऊन थेट त्या द्रवात नॅनोकण तयार होतात. यात क्षारांची वा अन्य रसायनांची गरज नसल्याने कण स्वच्छ मिळतात. उत्पादन मात्र अल्प असते. याउलट, याच गटातील सर्वांत गाजलेल्या प्रयोगाला कोणतेही महागडे यंत्र लागले नाही. आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलॉव्ह यांनी मँचेस्टर येथे साध्या चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे पापुद्रे सोलत नेले आणि कार्बनचा एका अणूच्या जाडीचा थर, म्हणजे ग्राफीन, वेगळा केला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कार्याला २०१० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

वाफेतून घन

दुसऱ्या गटातील पद्धतींत अणू एकत्र आणण्याचे माध्यम वायू किंवा द्रव असते. वायुरूप माध्यमात धातू तापवून त्याची वाफ करतात आणि हेलियमसारख्या निष्क्रिय वायूत ती झपाट्याने थंड करतात. दव पडावे तसे तिचे कण जमतात. कार्बनच्या बाबतीत या मार्गाने इतिहास घडला. १९८५ मध्ये हॅरॉल्ड क्रोटो, रॉबर्ट कर्ल आणि रिचर्ड स्मॉली यांना लेसरने उडविलेल्या ग्रॅफाइटच्या वाफेत साठ अणूंचा चेंडूसारखा रेणू आढळला. त्यासाठी त्यांना १९९६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९१ मध्ये जपानच्या सुमिओ इजिमा यांनी विद्युतज्योतीतून उत्पन्न झालेल्या कार्बनमध्ये नळ्यांच्या आकाराची रचना असल्याचे दाखवून दिले.

आज कार्बन नॅनोनलिका मोठ्या प्रमाणावर बनविण्यासाठी रासायनिक बाष्प निक्षेपण ही पद्धत प्रचलित आहे. भट्टीत लोह वा निकेलचे सूक्ष्म कण ठेवून त्यांवरून कार्बनयुक्त वायू सोडला जातो. सुमारे ६०० ते १,००० अंश सेल्सिअस तापमानाला वायूचे विघटन होते आणि कार्बन त्या कणांवर नळीच्या रूपात वाढत जातो. नळीची जाडी बहुतांशी धातूच्या कणाच्या आकारावर ठरते. म्हणजे नॅनोनलिका नीट हवी असेल, तर आधी धातूचा नॅनोकण नीट हवा.

ज्योतीत पदार्थ जाळून नॅनोकण मिळविण्याची पद्धत उद्योगात रुळलेली आहे. टायरसाठी लागणारी कार्बनची काजळी अशाच मार्गाने मिळते. दिव्यावर भांडे धरून काजळ जमविणाऱ्या घरांना या प्रक्रियेचे तत्त्व नवे नाही. कारखान्यात तिचे तापमान, हवा आणि थंड होण्याची गती मोजून ठरविलेली असते, एवढेच.

द्रावणातील संश्लेषण

बहुतांश प्रयोगशाळांत नॅनोकण बनतात ते द्रावणात. मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सोन्याच्या लाल द्रावाविषयीचे आपले प्रयोग मांडले. सोन्याच्या क्षाराचे फॉस्फरसच्या साहाय्याने धातूत रूपांतर करून त्यांनी तो द्राव मिळविला होता आणि त्याचा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे येतो, असा निष्कर्ष काढला होता. तो कण पाहू शकेल असे सूक्ष्मदर्शक त्या काळी अस्तित्वात नव्हते.

१९५१ मध्ये जॉन टर्केविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कल्पनेला सुटसुटीत रूप दिले. सोन्याच्या क्षाराचे विरल द्रावण उकळायचे आणि त्यात लिंबाच्या आम्लापासून बनणारा सोडियम सायट्रेट हा क्षार मिसळायचा. सायट्रेट सोन्याच्या आयनांना इलेक्ट्रॉन पुरवून त्यांचे धातूत रूपांतर करते. या क्रियेला क्षपण म्हणतात. तेच सायट्रेट पुढे कणांभोवती ऋणभाराचे वेष्टन तयार करते आणि कण एकमेकांपासून दूर राहतात. काही मिनिटांत फिकट पिवळे द्रावण वाइनसारखे लाल होते. १९७३ मध्ये जी. फ्रेन्स यांनी दाखवून दिले की, सोने आणि सायट्रेट यांचे प्रमाण बदलून कणांचा आकार सुमारे १६ नॅनोमीटरपासून १४७ नॅनोमीटरपर्यंत ठरविता येतो. सायट्रेट जास्त, तर कण लहान. आजही पदव्युत्तर विद्यार्थी नॅनोकण पहिल्यांदा बनवितात ते बहुधा याच कृतीने.

प्रमाण बदलल्याने आकार का बदलतो, याचे उत्तर व्हिक्टर लामेर यांनी १९५० मध्ये सहकाऱ्यासह मांडलेल्या विवेचनात मिळते. द्रावणात मुक्त अणूंची संख्या एका मर्यादेपलीकडे गेली की एकाच वेळी असंख्य केंद्रके तयार होतात. त्यामुळे अणूंची संख्या घटते, नवी केंद्रके बनणे थांबते आणि उरलेले अणू आधीच्या केंद्रकांवर बसत जातात. केंद्रके एकदमच जन्मली, तर सर्व कण सारख्या वयाचे आणि म्हणून सारख्या आकाराचे होतात; ती रेंगाळत जन्मली, तर आकारांची सरमिसळ होते. साखरेचा पाक भरभर घोटला तर बारीक कणी पडते आणि तसाच ठेवला तर खडीसाखरेसारखे मोठे स्फटिक वाढतात, हा स्वयंपाकघरातला अनुभव याच तत्त्वाचा आहे.

हे तत्त्व सर्वाधिक नेमकेपणाने वापरले गेले ते क्वांटम डॉट म्हणजे अर्धवाहकांच्या नॅनोस्फटिकांसाठी. १९९३ मध्ये माउंगी बावेंडी आणि सहकाऱ्यांनी तापलेल्या द्रावकात अभिकारके एकदम सोडून केंद्रके एका क्षणात घडवून आणली आणि नंतर तापमान सांभाळून ती हवी तेवढी वाढविली. कॅडमियम सेलेनाइडचे लहान कण निळसर आणि मोठे कण लाल प्रकाश देतात, हे त्यामुळे मनाजोगते साधता आले. क्वांटम डॉटचा शोध आणि संश्लेषण यांसाठी बावेंडी, लुई ब्रस आणि अलेक्सी एकिमॉव्ह यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. संश्लेषणाच्या पद्धतीला किती महत्त्व आहे, हे या सन्मानाने अधोरेखित केले.

द्रावणातील अन्य पद्धतींपैकी तीन विशेष प्रचलित आहेत. सहअवक्षेपणात दोन क्षारांचा साका एकत्र पाडला जातो. लोहाचे दोन प्रकारचे आयन एकास दोन या प्रमाणात घेऊन त्यात अमोनिया मिसळला की मॅग्नेटाइटचा काळा साका बसतो आणि तो चुंबकाकडे खेचला जातो. रेने मासार यांनी १९८१ मध्ये ही कृती प्रसिद्ध केली. सोल-जेल पद्धतीत धातूच्या किंवा सिलिकॉनच्या सेंद्रिय संयुगांचे पाण्याशी क्रिया करून आधी कलिल आणि मग दह्यासारखे जेल बनते. ते वाळवून व भाजून काच, सिलिका किंवा टायटॅनियम डायऑक्साइड मिळते. व्हेर्नर श्टोबर यांनी १९६८ मध्ये याच मार्गाने सिलिकाचे एकसारखे गोल कण बनविले. जलऔष्णिक पद्धतीत द्रावण टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या पोलादी पात्रात बंद करून शंभर अंशांपेक्षा अधिक तापवितात. तत्त्व प्रेशर कुकरचेच, पण दाब बराच अधिक. झिंक ऑक्साइडच्या काड्या, फुले, पाकळ्या असे नाना आकार या पात्रातून निघतात.

कोल्हापूरचे पातळ थर

वरील पद्धतींपैकी अनेकींना निर्वात यंत्रणा, उच्च तापमान किंवा महाग रसायने लागतात. मर्यादित साधनांत काम करणाऱ्या विद्यापीठांसाठी ही मोठी अडचण असते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने तिच्यावर आपली वाट काढली. तेथील प्रा. चंद्रकांत लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रासायनिक द्रावणातून पातळ थर बसविण्याच्या पद्धतींवर दीर्घकाळ काम केले.

यांपैकी एक पद्धत म्हणजे काचेची पट्टी एका द्रावणात ठेवून तिच्यावर सावकाश थर बसू देणे. दुसरीत पट्टी आळीपाळीने वेगवेगळ्या भांड्यांत बुडवितात : आधी धन आयनांचे द्रावण, मग धुण्याचे पाणी, मग ऋण आयनांचे द्रावण आणि पुन्हा पाणी. प्रत्येक फेरीत अतिशय पातळ थर चढतो; फेऱ्या मोजल्या की जाडी ठरते. फ्रान्समधील वाय. एफ. निकोलाउ यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या या पद्धतीचा लोखंडे आणि हबीब पठाण यांनी २००४ मध्ये घेतलेला सविस्तर आढावा अभ्यासकांत संदर्भासाठी वापरला जातो. तिसरी पद्धत द्रावणाचा फवारा तापलेल्या काचेवर मारण्याची. प्रा. प्रमोद पाटील यांचा या फवारा पद्धतीवरील लेख १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. सौरघट, वायू ओळखणारे संवेदक आणि विद्युतभार साठविणारी उपकरणे यांसाठी हे थर उपयोगी पडतात. चंचुपात्र, गरम पाणी आणि अचूक वेळ एवढ्या भांडवलावर दर्जेदार संशोधन होऊ शकते, हे या कामाने दाखविले.

पुण्यातील बुरशी आणि गवती चहा

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एकविसाव्या शतकाच्या आरंभी झालेले काम यापेक्षा वेगळ्या दिशेचे होते. डॉ. मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षपणासाठी रसायनांऐवजी सजीवांचा वापर करता येईल का, याचा शोध घेतला. २००१ मध्ये त्यांनी व्हर्टिसिलियम या बुरशीच्या साहाय्याने चांदीचे आणि सोन्याचे नॅनोकण तयार झाल्याचे प्रसिद्ध केले. हे कण बुरशीच्या पेशीतच अडकून राहत. त्यामुळे ते बाहेर काढणे जिकिरीचे होते. पुढे डॉ. अबसार अहमद आणि सहकाऱ्यांनी फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम ही बुरशी घेतली. हरभऱ्यावरील ‘मर’ रोगामुळे शेतकऱ्यांना ती चांगलीच परिचित आहे. तिच्या साहाय्याने चांदीचे कण पेशीबाहेर, द्रावणातच तयार झाले. २००३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

याच गटाने मग वनस्पतींकडे मोर्चा वळविला. जिरेनियम, कडुनिंब आणि कोरफड यांच्या अर्कांनी धातूंचे नॅनोकण मिळाले. बुरशीला जे काम करण्यास दिवस लागत, ते पानांच्या अर्काने काही तासांत होऊ लागले. २००४ मध्ये गवती चहाच्या अर्काने सोन्याचे चपटे त्रिकोणी कण तयार होतात, हे या गटाने दाखविले आणि त्याची जगभर दखल घेतली गेली. गोल कण हिरवा प्रकाश शोषतात, तर हे त्रिकोण अवरक्त प्रकाशाजवळच्या तरंगलांबी शोषून घेतात. क्षार तोच असताना क्षपण करणारा अर्क बदलल्याने आकृती बदलली आणि आकृतीमुळे गुण बदलला. डॉ. शास्त्री यांना २००२ मध्ये रसायनशास्त्रासाठी शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला होता.

या कामानंतर देशभरातील महाविद्यालयांत ‘हरित संश्लेषणा’ची लाट आली. तुळस, हळद, कढीपत्ता, पेरू अशा कितीतरी वनस्पतींच्या अर्कांवर शोधनिबंध निघाले. पद्धत स्वस्त आहे, विषारी क्षपणकांची गरज पडत नाही आणि साध्या प्रयोगशाळेत ती जमते. मात्र तिच्या मर्यादा लपविता येणार नाहीत. पानातील रसायनांचे प्रमाण ऋतू, जमीन आणि झाडाच्या वयानुसार बदलते. त्यामुळे पावसाळ्यातील अर्काने मिळालेला कण उन्हाळ्यात तसाच मिळेल, याची खात्री नसते. शिवाय अर्कातील नेमक्या कोणत्या रेणूने काम केले, हे अनेक निबंधांत अनुत्तरित राहते. कण पानाच्या रसाने बनला म्हणून तो शरीराला किंवा नदीला निर्धोक ठरत नाही; त्याची चाचणी वेगळीच करावी लागते.

प्रयोगशाळेतून घरात

पुण्यात झालेल्या संशोधनाचे दोन धागे सामान्य माणसापर्यंत पोहोचले. पहिला पाण्याचा. भाताच्या तुसाची राख पाणी गाळण्यास उपयोगी पडते, यावर टाटा समूहाच्या पुण्यातील संशोधन केंद्रात आधीपासून काम झाले होते. डिसेंबर २००९ मध्ये टाटा केमिकल्सने ‘टाटा स्वच्छ’ हे विजेविना चालणारे जलशुद्धी यंत्र बाजारात आणले. त्यात तुसाच्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसविलेले होते आणि एक गाळणी सुमारे ३,००० लिटर पाण्यासाठी होती. आरंभीची किंमत ७४९ रुपयांपासून होती. बुरशीवरील प्रयोगांमुळे परिचित असलेले डॉ. मुरली शास्त्री पुढे टाटा केमिकल्सच्या पुण्यातील नवोन्मेष केंद्रात रुजू झाले होते.

या उदाहरणात संश्लेषणाचा एक महत्त्वाचा धडा आहे. चांदी जिवाणूंना मारते, पण तिचे कण पाण्यात सुटले तर ते पिणाऱ्याच्या पोटात जातील आणि गाळणीही लवकर निकामी होईल. म्हणून कण मोकळे न ठेवता राखेच्या सच्छिद्र पृष्ठभागावर घट्ट बसविणे, हाच निर्मितीचा निर्णायक टप्पा ठरतो.

दुसरा धागा जखमेचा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. किशोर पाकणीकर आणि सहकाऱ्यांनी जैविक घटकांनी स्थिर केलेले ७ ते २० नॅनोमीटर आकाराचे चांदीचे कण वापरून जखमेवर लावण्याचे जेल विकसित केले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात या जेलची जंतुनाशक क्षमता आणि सुरक्षितता तपासलेली आहे. भाजलेल्या रुग्णाला जंतुसंसर्गाचा धोका मोठा असतो आणि चांदीयुक्त मलमे त्यासाठी फार पूर्वीपासून वापरात आहेत. कण लहान आणि स्थिर असले तर चांदीची कमी मात्रा पुरते, हा या प्रयत्नामागील विचार होता.

मोजल्याशिवाय खात्री नाही

नॅनोकण डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून पद्धत सफल झाली की नाही, हे मोजमापच सांगते. पहिली खूण रंगाची असते. चांदीचे गोल कण सुमारे ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचा आणि सोन्याचे सुमारे ५२० नॅनोमीटरचा प्रकाश अधिक शोषतात. क्ष-किरणांच्या विवर्तनातून स्फटिकाची रचना आणि त्याचा सरासरी आकार कळतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने कणाची प्रत्यक्ष प्रतिमा मिळते. प्रकाशाच्या विकिरणावर आधारलेल्या यंत्राने द्रवातील कणांचा आकार, वेष्टनासह, मोजता येतो.

यांपैकी कोणतेही एक साधन पुरेसे नसते. सूक्ष्मदर्शकाखाली काही शेकडा कण दिसतात, तर एका थेंबात अब्जावधी असतात. रंगावरून कण असल्याचे कळते, पण त्याचा आकार निर्विवाद ठरत नाही. त्यामुळे दोन-तीन स्वतंत्र पद्धतींनी जुळणारे निष्कर्ष आले तरच दावा ग्राह्य धरला जातो.

चंचुपात्रातून कारखान्यात

शंभर मिलिलिटरच्या चंचुपात्रात मिळालेला कण शंभर लिटरच्या टाकीत तसाच मिळत नाही. लहान पात्रात रसायने क्षणात मिसळतात आणि उष्णता सर्वत्र सारखी पोहोचते. मोठ्या टाकीत एका कोपऱ्यात केंद्रके बनू लागतात, तेव्हा दुसऱ्या कोपऱ्यात रसायन पोहोचलेलेही नसते. केंद्रके एकाच क्षणी जन्मण्याची अट मोडते आणि आकार विस्कटतात. अनेक आशादायक शोध याच टप्प्यावर अडतात.

यावरील एक उपाय म्हणजे टाकीच मोठी न करता अरुंद नळ्यांतून रसायनांचे प्रवाह अखंड वाहते ठेवणे. नळी अरुंद असल्याने मिश्रण आणि तापमान सर्वत्र सारखे राहते. उत्पादन वाढवायचे तर नळ्यांची संख्या वाढवितात किंवा प्रवाह अधिक काळ चालू ठेवतात. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. अमोल कुलकर्णी यांनी अशा अखंड प्रवाही पद्धतींवर काम केले असून त्यात चांदीच्या नॅनोतारांच्या निर्मितीचाही समावेश आहे. त्यांना २०२० मध्ये अभियांत्रिकीसाठी भटनागर पुरस्कार मिळाला. केंद्र सरकारने २००७ मध्ये पाच वर्षांसाठी एक हजार कोटी रुपयांची तरतूद करून नॅनो मिशन सुरू केले, त्यातून देशात उपकरणे आणि मनुष्यबळ उभे राहिले. शोधनिबंधांच्या संख्येत भारताने त्यानंतर मोठी मजल मारली; उत्पादनांची संख्या त्या मानाने कमी राहण्यामागे हा मधला टप्पाही एक कारण आहे.

धोका आणि नियमन

संश्लेषणाच्या पद्धतीवर धोक्याचे स्वरूपही ठरते. द्रावणात बनलेला कण द्रावणातच राहिला तर हवेत उडत नाही. दळून किंवा ज्योतीतून मिळालेली कोरडी भुकटी मात्र श्वासावाटे फुप्फुसात जाऊ शकते. लांब आणि ताठ कार्बन नॅनोनलिका उंदरांच्या शरीरात ॲस्बेस्टॉसच्या तंतूंसारखा दाह उत्पन्न करतात, असे २००८ मधील एका अभ्यासात आढळले. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अशा नळ्यांच्या एका विशिष्ट प्रकाराचे वर्गीकरण मानवात संभाव्य कर्करोगकारक असे केले. आखूड, गुंता झालेल्या नळ्यांना तोच निष्कर्ष सरसकट लावता येत नाही. म्हणजे नाव एकच असले तरी घडण वेगळी असेल, तर धोकाही वेगळा असतो. वापरानंतर सांडपाण्यात जाणारी चांदी जलचरांना घातक ठरू शकते, ही आणखी एक चिंता आहे.

भारतात जैवतंत्रज्ञान विभागाच्या पुढाकाराने २०१९ मध्ये नॅनो औषधांच्या आणि २०२० मध्ये शेती व अन्नातील नॅनो उत्पादनांच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. उत्पादनातील कणांचा आकार, पृष्ठभाग, स्थैर्य आणि विषाक्तता यांची माहिती देणे त्यांत अपेक्षित आहे.

शेतीच्या बाबतीत हा प्रश्न महाकोशलातील गहू-हरभरा पिकविणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत येऊन ठेपला आहे. इफ्कोने २०२१ मध्ये गुजरातेतील कलोल येथे द्रवरूप नॅनो युरियाचे उत्पादन सुरू केले. ५०० मिलिलिटरची बाटली ४५ किलोच्या गोणीची जागा घेऊ शकते, असे सांगण्यात आले. सुरुवातीच्या उत्पादनात नत्राचे प्रमाण ४ टक्के होते. म्हणजे बाटलीत सुमारे २० ग्रॅम नत्र. साध्या युरियाच्या गोणीत ते २० किलोहून अधिक असते. पानावर फवारलेला नॅनोकण अधिक कार्यक्षमतेने शोषला जातो, ही उत्पादकाची भूमिका आहे. तर लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने आपल्या प्रक्षेत्र प्रयोगांत गहू व भाताच्या उत्पादनात घट नोंदविली. युरिया पाण्यात सहज विरघळतो. मग बाटलीतील पाण्यात तो कणरूपाने कशामुळे टिकतो, त्याला कोणते वेष्टन आहे आणि ते कसे चढविले, हे संश्लेषणाचे प्रश्न आहेत. त्यांची खुली उत्तरे मिळाल्याशिवाय शेतातील निष्कर्षांवरील वाद मिटणे कठीण आहे.

खरेदीदाराने विचारावयाचे प्रश्न

‘नॅनो’ हा शब्द आकार सांगतो, गुणवत्ता सांगत नाही. असे उत्पादन घेताना चार प्रश्न विचारणे रास्त ठरेल. त्यात नेमका कोणता पदार्थ आहे? तो कोणत्या पद्धतीने बनविला आणि कण स्थिर राहावेत म्हणून त्यावर कशाचे वेष्टन आहे? कणांचा आकार कोणत्या साधनांनी आणि कोणत्या प्रयोगशाळेत मोजला? वापरानंतर उरलेले कण कोठे जातात?

रुग्णालयाने मलम घेताना, ग्रामपंचायतीने जलशुद्धी यंत्रे खरेदी करताना आणि शेतकऱ्याने खताची बाटली उचलताना हे प्रश्न लागू पडतात. त्यांची उत्तरे निर्मात्याकडे असतातच, कारण पद्धत ठरविल्यावाचून नॅनोकण बनूच शकत नाही. ती उत्तरे वेष्टनावर किंवा सोबतच्या माहितीपत्रकात ग्राहकाला वाचता येतील अशा भाषेत छापली जावीत, एवढी अपेक्षा वाजवी म्हणता येईल.